ओवीपुढचं नाव

जात्यावरच्या एखाद्या ओवीच्या नोंदीखाली काय लिहिलेलं असतं, ते आधी पाहावं. गायिकेचं नाव. गाव, तालुका, जिल्हा. जात. वय. शिक्षण. मुलं किती. व्यवसाय. ओवी कधी टिपली, ती तारीख. सरकारी अर्जावर असावेत तसे हे कोरडे रकाने. पण मराठी लोकगीतांच्या एवढ्या मोठ्या इतिहासात ते रकाने भरून घ्यायला फारसं कोणी बसलं नव्हतं. ओव्या सगळ्यांना हव्या होत्या. त्या जिच्या तोंडून आल्या तिचं नाव विचारायचं मात्र राहून जायचं.

पुण्यातल्या एका छोट्या संशोधन संस्थेतल्या माणसांनी ते विचारलं. 1980 च्या दशकात सुरू झालेल्या त्यांच्या कामातून हजाराहून अधिक गावांतल्या, तीन हजारांहून अधिक बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. अख्ख्या ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात आहेत, एवढं लक्षात घेतलं की या आकड्याचा अंदाज येतो. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांची घडण वेगळी आहे हे खरं, पण नाव एकच आणि नातंही जवळचं. आज हा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’ या लोकसंग्रहात ‘जात्यावरच्या ओव्या’ या नावाने सगळ्यांसाठी खुला आहे. वर्गणी नाही, अनामत नाही, शिफारसपत्र नाही. चांगल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडून जी अपेक्षा ठेवावी ती इथे पुरी होते. इथल्या लेखिकांपैकी अनेकींनी मात्र शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

ओव्यांच्या सौंदर्यावर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. हा लेख माणसांचा आहे. ज्यांनी गायल्या, ज्यांनी ऐकून वहीत उतरवल्या, ज्यांनी त्यांचे गठ्ठे लावले, ज्यांनी आवाज टिपला, आणि पहिली माणसं गेल्यावर ज्यांनी ते ओझं पुढे उचललं, त्यांचा.

ओवी कळायला आधी जातं कळावं लागतं. खालची तळी जमिनीत किंवा मातीत बसवलेली, वरच्या तळीला एका कडेला लाकडी खुंटा, मधोमध तोंड. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने मुठीतला घास तोंडात सोडायचा. घास मोठा पडला तर भरड येते, लहान पडला तर दगडावर दगड घासतो. बाजरीचं पीठ चार दिवस ठेवलं तर कडू पडतं, त्यामुळे आठवड्याचं दळण एकदम उरकून टाकता येत नाही. म्हणजे रोज कोंबडा आरवायच्या आधी उठायचं आणि घरातल्या खाणाऱ्या तोंडांच्या हिशेबाने दळायचं. एकटीला जातं जड जातं. मग समोरासमोर दोघी बसतात, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. जावा-जावा, नणंद-भावजय, कधी सासू आणि सून. दिवसभर एकमेकींशी धड न बोलणाऱ्या दोघी बायकासुद्धा त्या तास-दोन तासांत एका गळ्यात गातात, कारण हात एका लयीत फिरला नाही तर जातं फिरत नाही.

‘गळा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. ओवी गाणाऱ्या बायका चालीला चाल म्हणत नाहीत, गळा म्हणतात. कागदावर ओवी दोन ओळींची दिसते. गळ्यावर आली की पहिली ओळ पुन्हा येते, अर्धीच तुटते, मधे ‘बाई’ शिरते, ‘गं’ शिरतो, दुसऱ्या ओळीचं शेपूट पहिलीला जोडलं जातं. जी गोष्ट डोळा दोन क्षणांत वाचतो ती कानाला पुरवून पुरवून ऐकवली जाते. तेवढ्या वेळात पुढची ओवी मनात जुळून येते.

आणि ही वेळ अशी, की घर झोपलेलं असतं. ऐकायला समोरची जोडीदारीण आणि जातं, एवढेच दोघं. जात्याला देव म्हणायचं, आई म्हणायचं, आणि दिवसाउजेडी जे बोलता येत नाही ते त्याला सांगायचं. माहेराची ओढ, भावाचं कौतुक, राघू म्हणजे मुलगा, मैना म्हणजे मुलगी, सासुरवास, पंढरीची वाट, सीतेचा वनवास. सीता तर या बायकांची सर्वांत जवळची सोबतीण. रामायणात तिच्या वाट्याला जेवढं बोलणं आलं त्याहून कितीतरी जास्त ती जात्यावर बोलली आहे.

हे सगळं फार जुनं आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद सापडते. जनाबाईंचं जातं आणि त्याला हात लावणारा विठ्ठल तर घराघरांत ठाऊक आहे. विसाव्या शतकात ओव्या कागदावर आणायचं काम मनापासून करणारेही होऊन गेले. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या नुसत्या छापल्या नाहीत, मायेने प्रसंग आणि अर्थ जोडून दिल्या. कमलाबाई देशपांडे यांनी 1948 मध्ये आपल्या संग्रहाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ हे नाव दिलं. वेदांसाठी राखून ठेवलेला शब्द त्यांनी बायकांच्या गाण्यांसाठी वापरला, आणि पुरुषाने न रचलेलं हा त्याचा साधा अर्थही त्याला परत मिळवून दिला. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्रभरातून लोकगीतं जमवली. इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’ सिद्ध केली. या सगळ्यांचं ऋण मोठं आहे. तरी त्या पुस्तकांमधून फिरताना बहुतेक ठिकाणी ओवीमागे एकच बाई भेटते, ती म्हणजे ‘मराठी स्त्री’. ती कुठल्या गावची, तिचं वय काय, तिच्या घरी जमीन होती की ती दुसऱ्याच्या रानात खुरपत होती, हे समजत नाही.

नाव लागण्याला काय लागतं, याचं उदाहरण जळगाव जिल्ह्यात आहे. बहिणाबाई चौधरी जात्यावर आणि शेतात गात होत्या. त्यांचा मुलगा सोपानदेव कवी होता, म्हणून ती गाणी उतरवून ठेवली गेली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर हे कागद आचार्य अत्र्यांपर्यंत पोचले आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. घरात कवी असलेला मुलगा, आणि मुलाच्या ओळखीचा एक जबरदस्त संपादक. एवढ्या गोष्टी जुळून आल्या तेव्हा मराठीला एक बहिणाबाई मिळाली. आजूबाजूच्या गावांत, शेजारच्या आळीत गाणाऱ्यांच्या घरी असं कोणी नव्हतं.

त्या उरलेल्या घरांत जायचं काम ज्यांनी सुरू केलं त्यांतल्या एकाची मातृभाषा मराठी नव्हती. गी पॉइत्वाँ यांचा जन्म 1934 चा, फ्रान्समधला. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकलेला हा माणूस भारतात आला, पुण्यात राहिला, इथलं नागरिकत्व घेतलं आणि मराठीत मुरला. किती मुरला हे त्यांच्या अनुवादांवरून कळतं. दया पवारांचं ‘बलुतं’ आणि बेबी कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ ही दोन्ही आत्मकथनं त्यांनी फ्रेंचमध्ये नेली. ज्याला ‘बलुतं’मधली बोली दुसऱ्या भाषेत न्यावीशी वाटली, त्याला ओवीतला ‘इठ्ठल’ दुरुस्त करून ‘विठ्ठल’ करावासा वाटला नाही, यात नवल नाही.

हेमा राईरकर त्यांच्या सहकारी आणि जीवनसाथी. संग्रहाची खरी बैठक कोणी घातली असं विचारलं तर हेमाताईंचं नाव आधी घ्यावं लागतं. दोघांनी मिळून पुण्यात ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था चालवली. या लांबलचक नावातला ‘कोऑपरेटिव्ह’ हा शब्द त्यांनी मनावर घेतलेला होता. ज्यांच्याविषयी संशोधन करायचं त्यांना बरोबर घेऊनच ते करायचं, असा त्यांचा रिवाज.

त्यामुळे ओव्यांचं काम विद्यापीठातून न निघता मुळशी-मावळच्या डोंगरपट्ट्यातून निघालं. 1921 मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला तोच हा मुळशी तालुका. तिथे ‘गरीब डोंगरी संघटना’ काम करत होती. नावातच तिची ओळख आहे. डोंगरातली माणसं, थोडी जमीन, भाताची खाचरं, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. संघटनेच्या बैठकांना बायका यायच्या. ज्यांनी खेड्यात बायकांच्या बैठका घेतल्या आहेत त्यांना ठाऊक असतं, ‘तुमचं म्हणणं काय?’ असं सरळ विचारलं की पदर तोंडावर जातो आणि शांतता पसरते. ओवी मात्र अडत नाही. जे ‘माझं म्हणणं’ म्हणून सांगता येत नाही ते ओवीतून सहज सांगता येतं, कारण ओवी आईने शिकवलेली असते, आजीकडून आलेली असते. एकीने ओवी म्हणायची, दुसरीने तिला जोड द्यायची, आणि मग सगळ्याजणींनी मिळून तिच्यावर बोलायचं: सीतेला वनात धाडलं ते बरोबर केलं का? लेक झाली की घर का हिरमुसतं? अशा शिबिरांतून ओवी गोळा होत गेली. बायका इथे माहिती पुरवणाऱ्या नव्हत्या, स्वतःच्या शब्दांचा स्वतः अभ्यास करणाऱ्या होत्या.

कोळवण खोऱ्यातल्या नांदगावच्या कुसुम सोनवणे त्यांच्यापैकी एक. संघटनेच्या कार्यकर्त्या आणि गायिका, दोन्ही. कोळावड्याच्या ताराबाई उभे अशाच. ओव्या मिळवायला शहरातलं माणूस थेट दारात जाऊन उभं राहिलं असतं तर पाणी मिळालं असतं, चहा मिळाला असता. ओवी मिळालीच असती याची खात्री नाही. कुसुमताई दारात गेल्या की गोष्ट वेगळी व्हायची. त्या स्वतः जात्यावर बसलेल्या, सासरी नांदलेल्या. त्यांनी एक ओवी म्हटली की समोरचीला दुसरी आठवते. महाराष्ट्राच्या इतर भागांतही असंच झालं. गावागावांतून काम करणारी माणसं जोडली गेली आणि वह्या भरत गेल्या.

वहीत लिहिताना एक कसोटी होती. बाई ‘पानी’ म्हणाली तर ‘पानी’च लिहायचं. ती ‘म्या’ म्हणाली तर ‘मी’ करायचं नाही. शाळेत शुद्धलेखनासाठी मार खाल्लेल्या हाताला हे सोपं नसतं. हात आपोआप दुरुस्ती करायला जातो, आणि दुरुस्ती झाली की त्या गावाचा ठसा पुसला जातो. मुळशीतली ओवी आणि बीडमधली ओवी वाचतानाही वेगळ्या वाटतात, त्याचं श्रेय या आवरलेल्या हातांना आहे.

मग प्रश्न आला लावून ठेवण्याचा. हजार ओव्या असतील तर डोक्यात राहतात. दहा हजार झाल्या की कपाट लागतं. लाखभर झाल्या की व्यवस्था लागते, आणि ही व्यवस्था हेमाताईंच्या कामाचा कणा आहे. प्रत्येक ओवीला विषयाप्रमाणे एक सांकेतिक क्रमांक. आधी अक्षर, मग रोमन आकडा, मग पोटविभाग आणि त्याचेही भाग. बाईचं कष्टाचं आयुष्य एका घरात, देवधर्म दुसऱ्या घरात, मग मुलगा, मुलगी, आई, भाऊ, सासर यांच्या ओव्या. एकाच ‘भाऊ’ या विषयात किती खोल्या! भावाची वाट पाहणं वेगळं, भाऊ दारात दिसणं वेगळं, भावजयीमुळे भाऊ दुरावणं वेगळं.

ग्रंथपालाला ही अडचण चांगली ओळखीची वाटेल. पुस्तक एकाच फळीवर ठेवता येतं, पण त्यात विषय चार असतात. दळता दळता आईची आठवण काढणारी ओवी आईच्या घरात ठेवायची की जात्याच्या? कधी असा, कधी तसा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घेणाऱ्याला ओव्या पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतात. हे काम बाहेरून दिसत नाही. ओवी शोधणाऱ्याला हवी ती ओवी सापडते तेव्हा तर ते मुळीच दिसत नाही. 1996 मध्ये पॉइत्वाँ आणि राईरकर यांचं ‘स्टोनमिल अँड भक्ती’ हे इंग्रजी पुस्तक आलं. जातं आणि भक्ती यांचा संबंध उलगडणाऱ्या त्या पुस्तकाच्या मागे अशा वाचनाची वर्षं आहेत.

जातीच्या रकान्याबद्दलही बोलायला हवं, कारण तो पाहून काहींच्या कपाळाला आठी पडते. गाणं गाणं असतं, त्यात जात कशाला? पण तो रकाना काढून टाकला तर ‘मराठी स्त्री’ ही जुनी धूसर बाई परत येते. रकाना ठेवला की दिसतं, सीतेचं दुःख कुणा एका जातीचं नाही, ते सगळ्यांनी गायलेलं आहे. आणि हेही दिसतं, की काही ओव्या एका विशिष्ट वस्तीतून, एका विशिष्ट इतिहासातून आल्या आहेत आणि तो इतिहास सांगितल्याशिवाय त्यांना न्याय मिळत नाही. गावकुसाबाहेर दळलं गेलेलं दळण वाड्यातल्या दळणाइतकंच नोंदीत आलं, हे या संग्रहाचं फार मोठं मोल आहे.

माजलगावचं उदाहरण यासाठीच. बीड जिल्ह्यातल्या या गावातल्या भीमनगरात 1996 च्या एप्रिलात ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. राधाबाई बोऱ्हाडे यांनी तिथे बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या गायल्या. ओवी म्हणजे राम-सीता, विठ्ठल-रखुमाई आणि माहेर, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी त्या जरूर ऐकाव्यात. घाट तोच, लय तीच, ‘बाई’ आणि ‘गं’ तेच, आणि त्यात भीम, रमाई, बुद्धाची वाट. म्हणजे 1956 च्या धर्मांतरानंतरचं नवं आयुष्य बायकांनी आपल्या सर्वांत जुन्या साच्यात ओतलं. ओवी हा अवशेष असता तर हे घडलं नसतं. ती रचली जात होती, काल-परवापर्यंत, आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या घडामोडीला तिने आपल्या ओट्यावर जागा दिली.

हे आवाज टिपणारे बर्नार बेल. तेही फ्रेंच, पण वाट निराळी. संगणकशास्त्र आणि संगीत यांच्या सांध्यावर काम करणारा हा माणूस. जेम्स किप्पेन या संगीत-अभ्यासकाबरोबर तबल्याच्या बोलांसाठी त्यांनी ‘बोल प्रोसेसर’ नावाची संगणकप्रणाली तयार केली होती. ज्याचा कान तबल्याच्या कायद्यांवर तयार झाला आहे त्याला लिहिलेली ओवी अर्धीच वाटणार. पॉइत्वाँ-राईरकरांच्या वह्यांमध्ये शब्द होते. गळा नव्हता. 1990 च्या दशकात बेल त्यांच्याबरोबर गावोगाव गेले आणि 120 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. त्याच्या प्रती गुरुग्रामच्या ‘आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ या संगीत-संग्रहालयात ठेवल्या गेल्या. मूळ एका ठिकाणी आणि प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा संग्राहकाचा साधा नियम. पुढे जे घडलं ते पाहता तो पाळला गेला याचं समाधान वाटतं.

ध्वनिमुद्रणात एक अडचण होती. तोवर पिठाची गिरणी गावात येऊन बरीच वर्षं झाली होती. डोक्यावर डबा, हातात चार पैसे, आणि तासाभरात दळण घरी. पहाटेचे कष्ट वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. जात्याच्या आठवणीने हळवं होणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी. पण गिरणीत गाणं नव्हतं. जातं कोपऱ्यात गेलं, कुठे तुळशीजवळ, कुठे गोठ्यात, आणि वर्षातून एकदा-दोनदा लग्नाच्या हळदीला बाहेर यायला लागलं. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण आपण व्यवहारात भलत्याच अर्थाने वापरतो. इथे ती शब्दशः खरी ठरते. नुसतं समोर बसवून ‘ओवी म्हणा’ म्हटलं की दोन-चार ओव्यांनंतर बाई अडते. खुंट्याला हात लागला, दगड गरगरायला लागला, की विसरलेल्या ओव्या एकामागून एक यायला लागतात. आठवण डोक्यात असते तशी मनगटात आणि खांद्यातही असते. म्हणून या मुद्रणांमध्ये गाण्याच्या खाली जात्याची घरघर ऐकू येते, आणि तिच्याबरोबर बांगड्यांची किणकिण.

2004 मध्ये गी पॉइत्वाँ गेले. 2010 मध्ये हेमाताई गेल्या.

संग्रहांच्या आयुष्यात हा क्षण फार धोक्याचा. महाराष्ट्रात किती घरांतून, किती बंद पडलेल्या संस्थांतून कागदांचे गठ्ठे रद्दीत गेले असतील याची गणती नाही. जमवणारा असतो तोवर कुठल्या खोक्यात काय आहे हे त्याला ठाऊक असतं. तो गेला की खोकं नुसतं खोकं उरतं. त्यात संगणकाची भर. हे काम सुरू झालं तेव्हा देवनागरीसाठी युनिकोड रुळलेला नव्हता. त्या काळात भरलेली माहिती नव्या यंत्रावर उघडेलच याची हमी नव्हती. हा संग्रह वाचला याचं कारण बेल यांनी त्याची पाठ सोडली नाही, आणि जुन्या सहकाऱ्यांपैकी काहीजण पुण्यात होते, ज्यांना तो अजून आपला वाटत होता.

डिसेंबर 2014 मध्ये पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘पारी’ सुरू केली. ग्रामीण भारतातल्या माणसांचं रोजचं जगणं, त्यांची कामं, भाषा, कला यांचा हा लोकांसाठी खुला संग्रह. ओव्यांना याहून योग्य घर मिळणं कठीण होतं. 2017 पासून तिथे त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागल्या. लेखिका आणि अनुवादक नमिता वाईकर यांनी हे काम हाती घेतलं. एकेका विषयावरच्या ओव्या निवडायच्या, त्यांचा संदर्भ सांगायचा, मूळ आवाज जोडायचा, भाषांतर द्यायचं आणि शेवटी गायिकेची ओळख. लेखाच्या सुरुवातीला उल्लेख केलेले ते रकाने.

त्यांच्या सोबतीला आशा ओगले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्या प्रलेखन अधिकारी होत्या. आयुष्य कागदपत्रं लावण्यात आणि जपण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर हजारो ओव्यांचं इंग्रजी करायला त्या बसल्या. रजनी खळदकर यांचा ओव्यांशी संबंध हेमाताईंच्या काळापासूनचा. आणि जितेंद्र मैड, पॉइत्वाँ-राईरकरांबरोबर काम केलेले, मौखिक परंपरांचे अभ्यासक आणि मुक्त पत्रकार. शहरात बसलेल्या कागदाला गावाशी जोडणारा दुवा म्हणजे ते.

ओवीचं भाषांतर म्हणजे काय काम आहे, हे एका शब्दावरून सांगता येईल. ‘बाई’ घ्या. ओवीत ती सखी असते, समोरची जोडीदारीण असते, कधी आई असते, कधी स्वतःच स्वतःला मारलेली हाक असते, आणि पुष्कळदा लय भरून काढायला आलेली नुसती एक मात्रा. पाचही ठिकाणी तोच शब्द. इंग्रजीत कुठला घालायचा? ‘हावशा’ भाऊ म्हणजे हौस पुरवणारा, पण त्यात बहिणीचा अभिमान आहे, आणि हौस पुरवायची ऐपत त्याच्याकडे नसली तरी तो हावशाच असतो. ‘सासुरवास’ या एका शब्दात घर, काम, बोलणी, उपास आणि वर्षं मावतात. असा शब्द अडला की शब्दकोश पुरत नाही. तो शब्द वापरणारं माणूस लागतं. म्हणून या चमूत इंग्रजी जाणणाऱ्यांइतकंच गाव जाणणाऱ्यांना महत्त्व आहे, आणि असं प्रत्येक भाषांतर दोन-तीन जणांच्या बोलण्यातून तयार झालेलं आहे.

‘पारी’चा चमू जुन्या गावांत पुन्हा गेला. वीस-वीस वर्षांपूर्वीच्या नोंदीतलं नाव आणि गाव घेऊन माणसं शोधत निघणं, हे वाचायला सोपं आहे. काही गायिका हयात नव्हत्या. त्यांच्या मागे राहिलेल्यांना त्या आवाजातून परत भेटल्या. काही भेटल्या, म्हाताऱ्या झालेल्या, आणि जात्यावर बसल्यावर गायला लागल्या. नांदगावात कुसुमताईंनी गावातल्या बायकांना घेऊन गायलं आणि ते चित्रमुद्रित झालं. पाहण्यासारखं आहे ते. पहिली ओळ एकीची, आणि दुसरी उचलताना बाकीच्या कशा एकदम आत येतात, कोणी खूण न करता.

फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी तारा भवाळकर होत्या. लोकसाहित्यावर आणि त्यातल्या बाईच्या आत्मभानावर आयुष्यभर काम केलेल्या अभ्यासिकेला तो मान मिळाला, याचा आनंद ओवीवर प्रेम करणाऱ्या सगळ्यांनाच झाला असणार. पण संमेलनाच्या मांडवापासून गावातल्या ओसरीपर्यंतचं अंतर अजून मोठंच आहे. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. हजारो गावांत अनुदानित ग्रंथालयं आहेत, निदान एक कपाट आणि चार खुर्च्या तरी आहेत. त्यातल्या किती ठिकाणी गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या ओव्यांची एक वही असेल? त्याला मोठा निधी लागत नाही. दोनशे पानी वही, एक पेन, आता तर खिशातला फोन, आणि दुपारची वेळ काढून ऐकत बसणारं एक माणूस. कुसुमताईंनी आणि ताराबाईंनी याहून जास्त साधनं नसताना सुरुवात केली होती.

संग्रहाचं काम संपलेलं नाही. एक लाखाहून जास्त ओव्या शब्दांत आहेत. आवाज आहे तो 120-125 तासांचा. म्हणजे बहुसंख्य ओव्यांचा गळा कुठेच टिपलेला नाही. कुठल्या ओवीला कुठला गळा होता, ती कुठे तुटायची, कुठे ‘बाई’ यायची, हे कागदावरून सांगता येत नाही. ते सांगू शकेल अशी बाई त्या गावात असेल किंवा नसेल, तिची लेक असेल, पुतणी असेल, शेजारीण असेल. नोंदीत गाव आहे, तालुका आहे, नाव आहे. तिथे जाऊन, नाव घेऊन, कुणाचं घर म्हणून विचारता येतं.